त्याच्या जागी मी दिलेली उत्तरं

गेल्या महिन्यात फोनवर तू मला विचारलंस, "आजी, बाबा गाडी का नाही चालवत?" तू ड्रायव्हिंगच्या वर्गाला नाव घातलं आहेस. तुझ्या मैत्रिणींचे बाबा त्यांच्या शेजारी बसून सराव करून घेतात, आणि तुझा बाबा पाऊस असो, बर्फ असो, सायकल नाहीतर बस. मोटारींच्या गावात राहून आणि मोटारींच्याच धंद्यात उभं आयुष्य काढून. तुझी आई पलीकडून चटकन म्हणाली, "अगं, पाठीचं दुखणं आहे ना त्याला." मग तिने मला माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारलं.

पाठीच्या दुखण्याची गोष्ट मी रचलेली आहे. तू नऊ वर्षांची होतीस आणि धाकटा पाच वर्षांचा, तेव्हा तुम्हा दोघांना समोर बसवून मीच ती सांगितली. बाबाची पाठ धरली आहे, म्हणून तो सहा-सात आठवडे डोंगरातल्या एका दवाखान्यात राहणार आहे. धाकट्याने विचारलं होतं, तिथे पाठीला प्लास्टर घालतात का. मी हो म्हटलं. तेव्हा आता खरं सांगायचं कामही माझंच. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी सगळं फार नीटनेटकं करते, शाळेपासूनची सवय. जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिला यातलं सगळं माहीत आहे आणि तिला विचारूनच मी लिहिते आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरात मी जर्मनीत, इंगोलश्टाटला तुमच्याकडे आले ती तुमच्या आईच्या फोनमुळे. ती कधी काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, "अहो आई, तुम्ही या थोडे दिवस. हा घरात असतो, पण नसतो."

"भांडलात का?"

"भांडायला तरी तो जागेवर हवा ना."

व्हिसा नव्वद दिवसांचा मिळाला. पहिल्याच दिवशी मी कागदावर नव्वद चौकोन आखले आणि तो स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला लावला. तुमच्या आईने पाहिला आणि म्हणाली, "झालं. टाइमटेबल लागलं." मी तीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होते. सगळ्या वर्गांची वेळापत्रकं माझ्या हातची. रिकामी राहिलेली चौकट मला बघवत नाही, आणि हा गुण आहे असं मला तेव्हापर्यंत सगळेच सांगत आले होते.

तुमचा बाबा तेव्हा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत होता. इंजिनाच्या एका भागाची चाचणी घेणारी तुकडी त्याच्या हाताखाली होती. मग विजेच्या गाड्या येणार म्हणून ती तुकडी लहान झाली. निम्मं काम पुण्याच्या ऑफिसला गेलं, आणि पुण्याकडून ते करून घ्यायची जबाबदारी बाबाकडे आली, कारण तो पुण्याचा. सकाळी सहाला पुण्याची माणसं फोनवर: "सर, टेस्टचं स्पेक परत बदललंय का?" संध्याकाळी सहाला तिथला जर्मन साहेब: "पुण्याला एवढा वेळ का लागतो?" पुण्यापाशी तो जर्मनांची बाजू मांडायचा आणि जर्मनांपाशी पुण्याची. स्वतःची कुठे मांडायचा ते मला दिसलं नाही. चार वाजले की फायराबेंड, काम संपलं, असं म्हणून त्याचे शेजारी उठून जात. शुक्रवारी तर दुपारी एकलाच. हा बसून राहायचा.

मी एकदा म्हटलं, "त्यांच्याबरोबर तू का नाही उठत?"

"आई, त्यांना कोणी परत पाठवणार नाहीये."

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि गाड्या इमारतीच्या पोटात, टीफगाराजमध्ये. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उतार दिसतो. गाडी आत शिरली की लोखंडी दार आपोआप खाली येतं. तिथून लिफ्टने वर यायला दोन मिनिटं लागतात. तुमचा बाबा कधी वीस मिनिटांनी यायचा, कधी पन्नास. पहिले काही दिवस मी समजत होते की फोनवर बोलत असेल. मग तूच म्हणालीस, "खाली नेट्स नसतं, आजी." फोन लागतच नाही तिथे. मी तुमच्या आईला गाठलं.

"मला माहितीय," ती कोबी चिरता चिरता म्हणाली. "एकदा गेले होते खाली. नुसता बसलेला. समोरच्या भिंतीकडे बघत. मी काच वाजवली तर असा दचकला, मला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक येतोय. म्हणाला, आलोच. तेव्हापासून मी जात नाही. वर यायच्या आधी तेवढं लागत असेल त्याला."

त्याच सुमारास त्याच्या कंपनीत एका विद्यापीठाची माणसं आली. कामाचा ताण आणि माणसाचं स्वास्थ्य यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. ज्यांनी नाव दिलं त्यांना एकेक छोटा फोन दिला. सहा आठवडे तो जवळ बाळगायचा. दिवसातून पाच वेळा, वेळ न सांगता, तो वाजायचा आणि प्रश्न विचारायचा. या घडीला तुम्हाला किती शांत वाटतंय? किती दमल्यासारखं वाटतंय? गेल्या तासाभरात कुणाशी मोकळेपणी बोललात का? प्रत्येक प्रश्नाखाली शून्य ते दहा अशी पट्टी, तिच्यावरची खूण बोटाने सरकवायची. अर्ध्या तासात उत्तर दिलं नाही तर प्रश्न बंद. शनिवार-रविवारीही सुटका नव्हती. बाबाने प्रश्नांसाठी इंग्रजी निवडलं होतं. असल्या गोष्टीत त्याने आपण होऊन नाव दिलं याचं मला नवल वाटलं, पण विचारलं नाही.

तुमची आई मला म्हणाली, "बघा हो आई. याला मशीन विचारतं, कसा आहेस? आणि हा त्याला उत्तर देतो. मी विचारलं तर म्हणतो, झोप आता."

"मशीन पुढे दूध आणलंस का असं विचारत नाही," तो म्हणाला आणि हसला. त्या तीन महिन्यांत तो हसल्याचं मला एवढं एकदाच आठवतं, म्हणून लिहिलं.

फोनबरोबर तीन पानांचं माहितीपत्रक होतं. तो ते जेवणाच्या टेबलावर टाकून गेला आणि मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. उत्तरं कंपनीला दाखवली जाणार नाहीत, असं पहिल्या पानावर होतं. फार वेळा उत्तर चुकलं तर नाव गळेल, असं दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर होतं की सलग बरेच दिवस उत्तरं फार खालची आली तर अभ्यासातले मानसशास्त्रज्ञ स्वतः फोन करतील आणि मदत कुठे मिळते ते सांगतील. हे वाक्य मी वाचलं होतं. वाचनातून सुटलं असं म्हणायची सोय मला नाही.

पहिल्या शनिवारी तो दुपारी पडदे ओढून आडवा पडला होता. दारापाशी अडकवलेल्या कोटाच्या खिशात तो फोन वाजला. मी नेऊन दिला.

"राहू दे, आई."

"अरे, अर्ध्या तासात द्यायचं असतं."

"राहू दे म्हटलं ना."

पडद्यावर लिहून आलं होतं की आजची दोन उत्तरं राहिली आहेत. चांगल्या कामात नाव दिलंय, ते गळायला नको, असं माझ्या मनात आलं. शाळेत आजारी मुलांच्या प्रयोगवह्या मी शेजारच्या बाकावरच्या मुलाकडून पुऱ्या करून घेतलेल्या आहेत. यात त्याहून वेगळं काही आहे असं मला वाटलं नाही. मी दिवाणखान्यात बसले, चष्मा लावला आणि खूण सरकवली. शांत: सात. दमणूक: तीन. झोपलेला माणूस शांतच असतो, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतर शनिवार-रविवारची उत्तरं माझ्याकडे आली. मग संध्याकाळचीही, कारण घरी आल्याबरोबर तो फोन चपलांच्या कपाटावर पालथा टाकायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचा नाही. ऑफिसात वाजायचा तेव्हाची उत्तरं तो देत होता. काय देत होता ते मला कळत नसे. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा दिसत नव्हतं.

मी ते काम चांगलं केलं. सगळीकडे आठ ठेवले असते तर कोणालाही संशय आला असता. खोटे गुण कसे दिसतात हे मी तीस वर्षं बघत आले होते, म्हणून कसे दिसू नयेत हेही मला ठाऊक होतं. सोमवारी थोडं उतरवायचं. बुधवारी सहा. रविवारी दुपारी जेवणानंतर नऊ. एका संध्याकाळी तुम्ही दोघं रिमोटवरून भांडलात, तेव्हा मी शांततेला पाचच दिले. अशा रीतीने त्या फोनमध्ये एक माणूस तयार होत गेला. तो दमायचा, पण झोपून उठला की ताजा व्हायचा. बायकोशी बोलायचा. रविवारी त्याच्या डोक्यात ऑफिस नसायचं. मला तो माणूस आवडायला लागला. आतल्या खोलीत पडदे ओढून पडलेला होता त्याच्यापेक्षा मी याच्याकडे जास्त लक्ष देत होते, हे मला आज दिसतं.

आणि भीती होती. तिसऱ्या पानावरच्या त्या फोनची भीती. कोणीतरी परका माणूस घरी फोन करणार आणि माझ्या मुलाच्या डोक्याबद्दल बोलणार. कंपनीला कळणार नाही असं लिहिलं होतं, पण लिहिलेलं कोण पाळतं? त्याचं तिथलं राहणं नोकरीवर, आणि तुमची शाळा, घर, मित्रमंडळी त्याच्या राहण्यावर. आमच्या पिढीत मनाचं दुखणं म्हणजे लग्न ठरताना लपवायची गोष्ट. तुमच्या आजोबांनी शेवटची दोन वर्षं जवळजवळ न बोलता काढली, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे की त्यांना ऐकू कमी येतं. कोणी शंका घेतली नाही. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, एवढंच.

नोव्हेंबरातला एक बुधवार धाकट्याला कदाचित आठवत असेल. तुमची आई कामाला म्युनिकला गेली होती आणि किटातून, म्हणजे बालवाडीतून, त्याला आणायचं काम बाबाकडे होतं. मी घरी तुझ्याबरोबर गणितं करत होते. पाचच्या सुमाराला तुमच्या आईचा ट्रेनमधून फोन आला, "आई, किटा बंद होतोय आणि हा तिथे पोचलेलाच नाही. फोन उचलत नाहीये. तुम्ही जाता का?" आपण दोघी जवळजवळ पळत गेलो. धाकटा कोट-टोपी घालून रिकाम्या दालनात बाकावर बसला होता, शेजारी त्याच्या बाई, त्याही कोट घालून. तो रडत नव्हता. बाबा मला विसरला, असं त्याने जर्मनमध्ये सांगितलं, बातमी द्यावी तसं.

बाबा सव्वासहाला वर आला.

"मला वाटलं आज मंगळवार," तो म्हणाला. "मी खरंच... आज बुधवार आहे?"

तो धाकट्यासमोर गुडघ्यांवर बसला, त्याला जवळ घेतलं, आणि मग त्याला उठता येईना. तुमची आई दारातच उभी होती, खांद्यावर बॅग तशीच.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "मी वेळ घेते. तू फक्त ये."

मी मध्ये पडले. "एवढ्याशाला डॉक्टर कशाला? विसरलाय एक दिवस. ऊन नाही या देशात, व्हिटॅमिन कमी पडलं असेल. आणि डॉक्टरने काहीतरी लिहून दिलं की ते ऑफिसात जाणार."

"आई, इथे तसं नसतं हो."

"सगळीकडे तसंच असतं."

बाबा उठला, पँटचे गुडघे झटकले आणि म्हणाला, "आई म्हणतेय ते बरोबर आहे. एवढं काही नाहीये." त्याने माझी बाजू घेतली याचा मला आनंद झाला होता. त्या आनंदाची आठवण मला इतर कशाहीपेक्षा जास्त छळते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी तीनला दहा कमी असताना त्याची गाडी उतारावर दिसली. एवढ्या लवकर तो कधीच येत नसे. दार खाली आलं. मी चहा टाकला. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. चहा उकळून काळा झाला, मी तो ओतून दुसरा टाकला. तू शाळेनंतर मैत्रिणीकडे गेली होतीस आणि धाकटा किटात होता. घरात मी एकटी होते, आणि खाली तो.

विद्यापीठाचा फोन त्या दिवशी तो घरीच विसरून गेला होता. चारला पाच कमी असताना तो चपलांच्या कपाटावर वाजला. या घडीला तुम्हाला किती शांत वाटतंय?

मी घड्याळाकडे पाहत होते. माझा मुलगा तास-सव्वा तास खाली बसून आहे हे मला माहीत होतं. आणि मी सात दिले. बोट आपोआप गेलं. दमणुकीला चार दिले. गेल्या तासाभरात कुणाशी मोकळेपणी बोललात का, तिथे मात्र माझं बोट थांबलं. मी शेगडी बंद केली आणि घरातल्या सपातांवरच खाली गेले. फोन हातातच राहिला.

खाली काळोख होता. तिथले दिवे कोणी चाललं तरच लागतात. मी पुढे गेले तसे ते एकेक लागत गेले आणि शेवटच्या दिव्याखाली तो दिसला, काच बंद, पट्टा लावलेला, दोन्ही हात मांडीवर. मी दार उघडलं.

"चल वर. चहा टाकलाय."

"हो."

"अरे, चल ना."

"आई, पट्टा निघत नाहीये."

पट्ट्याला काही झालं नव्हतं. लाल बटण होतं, ते दाबायचं होतं.

"दाब की ते."

"मला कळतंय कुठे दाबायचं. हात जात नाहीये."

मी त्याच्यावरून वाकले आणि बटण दाबलं. लहानपणी रिक्षातून उतरवताना त्याच्या केसांना जो वास यायचा तो अजून होता. पट्टा सुटला, तरी तो तसाच बसून राहिला. मी वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले. दिवे विझले. मग तो बोलायला लागला, समोर बघत.

"आज डोनाऊच्या पुलावर एक वेळ अशी आली की मी गाडी चालवत नव्हतो. हात चाकावर होते, पण चालवत नव्हतो. ती आपली आपण चालली होती, कुठे का जाईना. मागच्याने हॉर्न दिला. दिला नसता तर काय झालं असतं मला माहीत नाही. आणि आई, मला भीतीसुद्धा नाही वाटली."

त्या दिवसापासून त्याने गाडी चालवलेली नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पुढचं मी तुम्हाला सांगायला बांधलेली आहे, म्हणून सांगते.

मी विचारलं, "इतकं होईपर्यंत सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितलं ना. रोज सांगितलं. त्या स्टडीत नाव मी त्यासाठीच दिलं होतं. आपण होऊन डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हते. त्यांच्या कागदावर होतं की फार वाईट असेल तर आम्ही फोन करू. म्हटलं, त्यांनी बोलावलं तर जाईन. मग ते मी ठरवलेलं नसेल. ऑफिसात वाजला की टॉयलेटमध्ये जाऊन खरं खरं भरायचो. शून्य. एक. शून्य. पाच आठवडे वाट बघितली. नाही आला फोन. मग वाटलं, ही त्या विषयातली माणसं आहेत. त्यांना वाटत नाहीये म्हणजे मी बरा असणार. सगळेच असे जगत असतील आणि मीच नाटकं करतोय."

फोन माझ्या मांडीवर होता. त्याला वर नेलं, चहा दिला, पांघरूण घातलं. तुमच्या आईला फोन करून लवकर बोलावलं, आणि माझ्या उत्तरांबद्दल दोघांनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी त्याला बोलू दिलं. मध्येच माझ्याकडे बघून त्यांनी बाबाला इंग्रजीत विचारलं, या इथे थांबल्या तर चालेल ना, आणि बाबाने होकारार्थी मान हलवली. पाच मिनिटांत त्यांनी कामावरून सुट्टीचा कागद लिहिला, पहिले चार आठवडे, पुढचं पुढे बघू.

"कंपनीला काय कळेल?" त्याने विचारलं.

"तारखा. बाकी काही नाही. कारण मी कोणालाच सांगत नाही."

इतकं सोपं होतं ते. तुमची आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं की यापूर्वी कुणाकडे मदत मागितली होती का. त्याने अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शून्य आणि एक? पाच आठवडे? आणि कोणी फोन केला नाही? हे बरोबर नाही. मी स्वतः त्यांना विचारते." त्यांनी फोन नंबरासाठी हात पुढे केला.

त्या माणसांचा काही दोष नव्हता. मी इंग्रजीत बोलले, कारण डॉक्टरबाईंना कळायला हवं होतं, आणि कदाचित मराठीत मला ते बोलवलंच नसतं. मी म्हटलं की त्यांना शून्य आणि एक दिसलेच नसतील, म्हणजे दिसले तरी एकटे दिसले नसतील. बाकीची उत्तरं मी दिली आहेत.

बाबा माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं, आणि ते बघवत नव्हतं.

"किती?"

"शनिवार-रविवारची सगळी. संध्याकाळची जवळजवळ सगळी. काल दुपारचं एक."

"आणि कसा होतो मी?"

"चांगला होतास," मी म्हटलं.

तो हसायला लागला. आधी हळू, मग थांबता येईना, मग ते हसणं राहिलं नाही. तुमच्या आईने येऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून बसले होते. त्यांनी मला "गुटन मोर्गन" म्हटलं आणि मीही हसून "गुटन मोर्गन" म्हटलं.

डॉक्टरबाईंनी खटपट करून नाताळाआधी डोंगरातल्या क्लिनिकमध्ये जागा मिळवली. तुमच्या आईने त्या दिवसांत मला एकही कडू शब्द ऐकवला नाही. एकदाच, कपडे वाळत घालताना, म्हणाली, "मला विचारायचं होतंत, आई. मी सांगितलं असतं तुम्हाला, खरं काय ते." मी म्हटलं, मला माहीत होतं खरं काय ते. ती म्हणाली, "हो. तेच तर."

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, सहीसकट, दोन पानी. चार दिवसांनी एका तरुण संशोधक बाईंचा फोन आला. सावकाश, नीट इंग्रजी. त्या रागावल्या नाहीत. आधी त्यांनी बाबा आता कुठे आहे, कोणी जवळ आहे ना, हे विचारलं. मग म्हणाल्या की त्याची सगळी उत्तरं अभ्यासातून काढून टाकावी लागतील.

मी म्हटलं, "माझी काढा. त्याची ठेवा. मी सांगते कोणती कोणाची. मला वारांसकट आठवतंय."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या, "पण तसं करता येत नाही. एकदा मिसळलं की आम्हाला वेगळं धरता येत नाही."

मी पुन्हा विनवलं. आयुष्यात मी कोणत्याही नियमासाठी अपवाद मागितला नव्हता, त्या दिवशी तीनदा मागितला. ऑफिसातली तेवढी खरी आहेत हो, मी म्हणत राहिले. माझ्या मुलाने पाच आठवडे, स्वच्छतागृहात उभं राहून, दिवसातून दोन-तीन वेळा खरं सांगितलं होतं. ते आता कुठेही नाही.

माझे नव्वद दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपत होते. आदल्या रविवारी आपण सगळे ट्रेनने त्याला भेटायला गेलो होतो. तुम्ही दोघं आईबरोबर बर्फात खेळत होतात आणि मी त्याच्याबरोबर क्लिनिकच्या आवारात फिरत होते. तो बारीक झाला होता, हळू चालत होता. मी म्हटलं, अर्ज करून बघते, आजारपणाच्या कारणाने मुदत वाढवून देतात म्हणे.

"नको. तू तारखेला जा."

"रागावलास माझ्यावर?"

त्याने खरोखर विचार केला. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत विचार केला.

"रागवायला अजून ताकद नाहीये, आई. येईल तेव्हा फोन करेन."

मी तारखेला गेले. क्लिनिकमधला मुक्काम वाढला आणि तो वसंतात घरी आला, उन्हाळ्यात अर्धवेळ कामाला लागला, पुढे ती कंपनी सोडून दुसरीकडे गेला. हे तुम्ही पाहिलेलंच आहे. दर रविवारी तुमच्याबरोबर तोही फोनवर येतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, बाई वेळेवर येते का, गच्चीवरची टाकी दुरुस्त झाली का, सगळं विचारतो. बोलणं गोड असतं. मी विचारते तू कसा आहेस, तो म्हणतो बरा आहे, आणि ते खरं आहे की नाही हे जगात मला एकटीलाच विचारता येत नाही.

आठ वर्षं झाली. त्याचा रागाचा फोन आलेला नाही. दुपारी फोन वाजला की मी आधी उठून खिडक्या लावून घेते. तो ओरडणार असेल तर शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग लक्षात येतं मी पुन्हा काय केलं, आणि त्या उघडते. मग फोन उचलते. अजून तरी दुसरंच कोणीतरी असतं.